दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत

माझ्या नणंदेवर मी सूड उगवला तो दह्यातनं. हसायचं तर हसून घ्या. लोक कोर्टात खेचतात, भानामती करतात, गंजीला काडी लावतात. माझ्याकडं एक तांब्याभर आंबट पाणी होतं आणि तेवढं मला पुरलं. त्याची आठवण झाली की अजूनही मला बरं वाटतं, हे आधीच कबूल करून टाकते. नंतर काय वाटतं ते पुढं येईलच.

बेळगावपासून दोन कोसांवर, येळ्ळुराच्या पुढं माझं सासर. घरात माणसं तीन आणि म्हशी सात. माझा नवरा, त्याची थोरली बहीण आणि मी. या बहिणीला मी वन्सं म्हणायची. लग्नानंतर तीन वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. सासूबाई वारल्यावर कारभार तिच्याच हातात आला. माझ्या नवऱ्याला तिनंच वाढवलेलं, त्यामुळं तो तिच्या शब्दाबाहेर नव्हता. दुसरी भाकरी घेऊ की नको हेसुद्धा तो तिच्या तोंडाकडं बघून ठरवायचा. माणूस वाईट नव्हता. पण नुसतं वाईट नसून बायकोला काय उपयोग?

आमचं दही बेळगावात रतिबाला जायचं. मडकं पालथं केलं तरी खाली पडणार नाही असं दही. त्याचं विरजण पणजीपासून चालत आलंय, असं वन्सं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. रोजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधात, उद्याच्यातलं परवाच्या, अशी ती ओळ कधी तुटलेली नव्हती. त्याला घरात 'वळण' म्हणत. आणि त्या वळणाचा एक रिवाज होता. नवं मडकं आणलं की त्यात आधी दूध घालायचं नाही. दह्यावर सुटलेलं पाणी, म्हणजे निवळी, त्यात ओतून चांगली फिरवायची. कोरी माती ती पिऊन घेते. मग त्यात विरजायचं. मडक्याला घराचं वळण लागतं, असं म्हणत. मडकी कधी गरम पाण्यानं धुवायची नाहीत, फडकी कधी उकळायची नाहीत. मी सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक फडकं उकळलं तर वन्संनं ते माझ्या हातातनं ओढून घेतलं होतं.

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली असतील, तेव्हा पाडव्याच्या तोंडावर बेळगावच्या एका हलवायाचा निरोप आला, श्रीखंडाला चक्का पाहिजे. वन्संच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुधाच्या खोलीतच आढ्याला दोऱ्या बांधून तिनं दह्याची गाठोडी टांगली. दिवसभर थेंब थेंब निवळी गळायची. खाली पराती, परातींच्या शेजारी विरजणाची मडकी. पाणी उडायचं, हातांना लागायचं, त्याच हातांनी विरजण लावायचं. फडकी तीच, ओलीची ओली. नवी मडकी पुष्कळ लागली, तर त्यांतही तीच निवळी फिरवलेली.

आठवडा गेला आणि दही ढिलं पडायला लागलं. मग पाणचट. मग एक दिवस सकाळी झाकण काढलं तर दूध जसंच्या तसं. आंबटही नाही, नासलेलंही नाही, नुसतं पडून राहिलेलं, गिळगिळीत. सगळी मडकी तशीच. आदल्या संध्याकाळी विरजण मी लावलं होतं. त्याच्या आदल्या दिवशी तिनं लावलं होतं आणि तेही धड लागलं नव्हतं, पण ते कोण ध्यानात ठेवतंय?

रतिबाचं दही न्यायला गावातल्या चार बायका अंगणात उभ्या होत्या. त्यांच्यासमोर वन्संनं माझं मनगट धरून मला बाहेर आणलं.

"बघा गं बायांनो, ह्यो हात बघा. नासका हात हाय हिचा. पणजीपास्नंचं इरजण मारलं हिनं."

मी म्हणाले, "वन्सं, काल तुमी लावलेलं तरी कुठं नीट लागलतं?"

"माझ्या हातानं बारा वरसं लागतंय! तू आलीस आनि मेलं."

चार वर्षं मीही लावत होते, हे त्या बायकांना ठाऊक होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही. तिथनं पुढं आठ दिवसांत गावात मी नासक्या हाताची झाले. मी पाणवठ्यावरनं यायला लागले की बायका दुधाची चरवी पदराखाली घ्यायच्या. शेजारच्या घरी बाळाची पाचवी होती, तर मला उंबऱ्यातनंच परत पाठवलं. मला मूल नव्हतं, तेही त्याच हाताच्या खात्यावर गेलं. अशी गोष्ट एकदा बाईच्या अंगाला चिकटली की निघत नाही. दही लागलं नाही तर हात, म्हैस आटली तर हात, पोर आजारी पडलं तरी हात.

पंधरा दिवसांनी नवऱ्यानं मला निपाणीच्या सर्व्हिस मोटारीत बसवून दिलं. निघताना वन्संनं त्या मेलेल्या दह्याचं पाणी एका तांब्यात भरलं, वर फडकं बांधलं आणि तो तांब्या माझ्या हातात दिला. "घिऊन जा तुझं नासकं. माझ्या घरात नगं." तिनं हे का केलं कोण जाणे, पण केलं ते बरं केलं. तिनं तो तांब्या गटारात ओतला असता, तर आज सांगायला माझ्याजवळ काही नसतं.

मी गेल्यावर तिनं शुद्धी केली. मी हात लावलेली मडकी फोडली, फडकी जाळली, दुधाची खोली दोनदा सारवली, भांड्यांवर उकळतं पाणी ओतलं. पूर्वी आमच्याचकडनं विरजण नेलेलं एक घर गावात होतं, तिथनं चमचाभर आणलं. दही लागलं, झकास लागलं. गावाची खात्री पटली. बघा, ती गेली आणि दही लागलं! ती माझा विटाळ धुवायला बसली आणि धुतला गेला तिच्याच खोलीतला रोग, पण मला पुढं कित्येक वर्षं ते कळायचं नव्हतं. तेव्हा निपाणीत ही बातमी ऐकून मी भिंतीवर कपाळ आपटून घेतलं एवढंच.

नवऱ्यावाचून माझं काही अडत नव्हतं. वडील तंबाखूच्या वखारीत होते, दोन वेळची भाकरी होती. पण नासक्या हाताची म्हणून मरायचं मला मान्य नव्हतं. आणि हे ज्या तोंडातनं निघालं, ते तोंड एकदा खाली घातलेलं बघायचं होतं. रोज उठून मी तेवढंच मागत होते. देवापुढं बसून दुसऱ्याचं वाईट मागू नये म्हणतात. मी मागितलं.

माहेरी आल्यावर पहिली गोष्ट काय झाली असेल, तर आईचं दही मेलं. तो तांब्या मी तिच्या दह्याच्या मडक्याशेजारी ठेवला होता आणि झाकण करायला एकच फडकं दोन्हीकडं वापरलं होतं. आईचं विरजण माझ्या सासरचंच. माझं लग्न ठरलं तेव्हा वन्संनं मोठेपणानं धाडलेलं, आणि आईनं गल्लीत आणखी दोन घरांना वाटलेलं. आईनं माझ्या हातांकडं बघितलं. ते मी वन्संच्याच नावावर मांडलं.

शेजारी एक जैनाचं घर होतं. त्या घरच्या म्हाताऱ्या बाईला सगळी गल्ली अव्वा म्हणायची. मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलायची आणि सोवळ्याला भारी कडक. ती म्हणाली, "रडतीस कशाला? ये, माझ्या घरात तुझ्या हातानं लाव."

तिच्याकडं कालच्या दह्याचं विरजण चालत नसे. शिळ्या दह्यात जीव असतात, ते आज मारायचे का, असं तिचं म्हणणं. त्यामुळं ती दरवेळी नव्यानं दही लावायची. दूध उकळायचं, बोट सोसवेल इतकं निववायचं आणि त्यात वाळल्या लाल मिरचीची देठं टाकायची. चार-सहा देठं, बस्स. मी टाकली. दुसऱ्या दिवशी दही लागलं होतं. जरा सैल, जरा वेगळ्या वासाचं, पण दही! मी त्याचा चमचा नव्या दुधात घातला, तर तिसऱ्या दिवशी सुरीनं कापावं असं लागलं. अव्वा ते दुसऱ्यांदाचं दही खाणार नव्हती, तिला ते चालत नव्हतं. पण तिनं मडकं तिरकं करून पाहिलं आणि म्हणाली, "कुठं हाय गं तुझा नासका हात?"

त्या दिवशी मी पोटभर जेवले. आणि हात धुता धुता माझ्या डोक्यात आलं, की हात नासका नाही तर तांब्यात काय आहे?

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण रागानं माणूस फार व्यवस्थित होतं. मी दोन गाडगी घेतली. एकात गल्लीतल्या घरनं आणलेलं सासरच्या वळणाचं विरजण, दुसऱ्यात माझं देठांचं. दोन्हींत तांब्यातल्या पाण्याचा एकेक थेंब टाकला. सकाळी सासरचं वळण आडवं. दूध जसंच्या तसं. देठांचं दही मात्र ठणठणीत. मी पुन्हा केलं. मग थेंबाच्या जागी चमचा घेतला. देठांच्या दह्याचा केसही वाकडा झाला नाही आणि सासरचं वळण प्रत्येक वेळी मेलं. त्या पाण्याला वन्संचं घराणं ओळखू येत होतं आणि ते तेवढ्यालाच खात होतं. माझ्या अंगावर काटा आला आणि मग मला हसू फुटलं. आई आतनं विचारत होती काय झालं, आणि मला सांगता येईना.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ते पाणी खाऊन वाढायचं. दर आठ दिवसांनी मी गल्लीतनं सासरच्या वळणाचं थोडं विरजण आणायची, दुधात घालायची आणि वर तांब्यातलं चमचाभर पाणी सोडायची. दही लागायचं नाही, पण सुटलेलं पाणी पहिल्याइतकंच जहाल असायचं. लोक मांजर पाळतात, मी हे पाळलं. वर्षभर. तांब्या परसातल्या कोनाड्यात, वर दगड.

हे काय होतं ते मला पुढं दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत कळलं. दूधदुभत्याच्या सरकारी खात्यातला एक माणूस निपाणी भागातली दुभती घरं बघत फिरत होता. तोवर माझं स्वतःचं दही बाजारात चालत होतं, म्हणून तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. मी त्याला विचारलं, दही लागता लागता एकदम मरतं ते का? त्यानं सांगितलं ते मी इथं माझ्या शब्दांत लिहिते. दूध आपोआप दही होत नाही, ते करणारे जंतू विरजणात असतात, डोळ्याला न दिसणारे. आणि जंतूंनाही रोग होतो. त्यांच्याहून कितीतरी बारीक असा एक विषाणू असतो, तो जंतूच्या अंगाला चिकटतो, आत शिरतो, आतल्या आत आपल्यासारखे पुष्कळ करतो आणि जंतूला फोडून सगळे बाहेर पडतात, पुढच्या जंतूला धरायला. सकाळपर्यंत दही करायला कुणी उरत नाही. तो विषाणू निवळीत साठतो, ओल्या फडक्यात राहतो, मातीच्या मडक्यात मुरतो. आणि दर विषाणूचा जंतू ठरलेला असतो, वेगळ्या वळणाच्या जंतूला तो बहुधा शिवत नाही. म्हणून दोन निरनिराळ्या वळणांची विरजणं ठेवावीत, आलटून पालटून लावावीत, भांडी उकळत्या पाण्यानं धुवावीत.

मी विचारलं, "आनि हात? एखाद्या बाईच्या हातात काय दोष असतो का?"

तो म्हणाला, "बाई, हात कुणाचाही असो. धुतला की झालं."

हे सांगायला देवानं आणखी दहा वर्षं आधी कुणी पाठवायला हवं होतं. पण ते पुढचं. मी मधनंच भलतीकडं गेले.

मला माहेरी येऊन वर्ष झालं आणि सासरहून निरोप आला. नवऱ्याचं दुसरं लग्न ठरलं होतं. मुलगी खानापूरकडची, गुंजीच्या बाजूची, आईबाप नसलेली, चुलत्यानं वाढवलेली. पहिली बायको जिवंत असताना दुसरी करायची तर पहिलीनं राजीखुशीनं नवरीची ओटी भरायची, अशी त्या घराची रीत. नाही भरली तर पुढं बाधतं म्हणत. तेव्हा वन्संला माझा नासका हात हवा होता, ओटी भरण्यापुरता.

आई म्हणाली, जाऊ नको. मी म्हणाले, जाते.

मी निपाणीच्या कुंभाराकडनं एक मडकं घेतलं. चांगलं भाजलेलं, टण्ण वाजणारं. त्यात तांब्यातली निवळी ओतली आणि फिरवली. सुकवलं, पुन्हा ओतली, पुन्हा फिरवली. तीन दिवस. कोऱ्या मातीनं सगळी पिऊन घेतली. मग पुसून, हळदीकुंकवाची बोटं ओढून, मी ते मोटारीतनं मांडीवर घेऊन गेले.

नवरी सोळाची असेल. मान खाली. मी तिची ओटी भरली, खण-नारळ घातला आणि वर ते मडकं दिलं. "थोरलीची भेट. पहिलं इरजण ह्याच्यात लाव." निवळीचा वास येत होताच, पण त्या घरात नव्या मडक्याला निवळीचा वास येणं हीच रीत! वन्संनं मडकं हुंगलं आणि मान डोलावली. म्हणाली, "शानी झालीस की गं म्हायारी जाऊन." मी तिच्या पायाही पडले.

त्या मुलीचा विचार मी केला नव्हता असं नाही. ओटी भरताना तिच्या नखांत हळद होती, ते मी पाहिलं. विचार केला आणि बाजूला ठेवला. मला वन्संचं दही मारायचं होतं आणि दारातनं आत जायला तोच एक हात होता.

दुसऱ्या दिवशी नव्या नवरीनं पहिलं विरजण लावलं. बायका बघायला जमल्या होत्या. त्याच्या दुसऱ्या सकाळी झाकण उघडलं आणि दूध जसंच्या तसं. तिसऱ्या दिवशी बाकीची मडकीही गेली. मी तोवर निपाणीला परतले होते. आठवडी बाजाराला त्या बाजूची माणसं यायची, त्यांच्याकडनं बातमी आली. मी त्यांना दही-पोहे वाढले. दोनदा.

दोन महिन्यांनी, भरदुपारी, आमच्या दारात ती मुलगी उभी राहिली. पायांत धूळ, काखेत बोचकं. आणि हातात तांब्या, वर फडकं बांधलेलं.

"तुमचं बी असंच झालतं म्हनं," ती म्हणाली. "चुलता घरात घेईना. म्हनून तुमच्याकडं आलते, आक्का."

तिनंच मला आक्का म्हटलं. मी तिला आत घेतलं, पाय धुवायला पाणी दिलं. तो तांब्या मी तिच्या हातातनं घेतला आणि परसात नेऊन चुलीवर उकळला, घळघळा, आटून कोरडा होईपर्यंत. माझाही उकळला. मग अव्वाकडनं देठं आणली आणि तिच्या हातानं दही लावलं. सकाळी ते लागलेलं बघून ती जी रडायला लागली, ती मला मिठी मारून रडली. माझ्या खांद्यावर. मी तिच्या पाठीवरनं हात फिरवला, तोच हात, ज्यानं मडकं दिलं होतं.

तिकडं वन्संच्या घरात आता दोन्ही नासके हात नव्हते आणि दही तरीही लागत नव्हतं. माझं मडकं त्याच खोलीत होतं आणि घरातल्या जुन्या मडक्यांतही आता तेच मुरलेलं. शुद्धी केली, पण या वेळी ते मडकं तिनं फोडलं नाही. थोरलीची भेट, चांगलं भाजलेलं, कशाला फोडायचं? मग गावातल्या बायकांनी हिशेब केला. घरात हात उरला एकच. ज्या चौघी माझ्या वेळी गप्प उभ्या होत्या, त्या आता बोलायला लागल्या. तिच्यावरची बारा वर्षांची अढी साठलेली होती त्यांची. विधवेनं विरजणाला हात लावावाच का, इथपर्यंत गेलं. वन्सं दिसली की बायका चरव्या पदराखाली घ्यायला लागल्या. मला हे सगळं कळत होतं आणि मला गोड झोप लागत होती.

पावसाळा संपता संपता ती स्वतः आली. दुपारची वेळ. अंगानं अर्धी झालेली. ओट्याच्या खालीच उभी राहिली.

"इरजण दे गं थोडं," ती म्हणाली. "तुझ्याकडं लागतंय म्हनं."

विरजण मागायला आलेल्याला नाही म्हणू नये, हे आमच्या सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. वैऱ्यालाही द्यावं लागतं. फक्त दिवे लागले की द्यायचं नाही, लक्ष्मी जाते. मी म्हणाले, "बसा की वन्सं. देते."

तिला ओट्यावर बसवलं आणि मी कामाला लागले. परसातल्या आईच्या म्हशीचं शेण काढलं. धुणं वाळत घातलं होतं ते गोळा केलं, एकेक घडी घातली. तांदूळ निवडले, नको असताना. ती मधनं मधनं म्हणायची, "मोटार हुकंल गं." मी म्हणायची, "व्हय, आलेच." तिनं माझ्या सवतीकडं बघितलं, सवत माझ्याकडं बघत होती. मला कसलीच घाई नव्हती. शेवटी अंधारायला आलं. मी कंदिलाची काच पुसली, वात पेटवली, कंदील तुळशीपाशी नेऊन ठेवला आणि पदर सारखा करून तिच्यासमोर उभी राहिले.

"वन्सं, दिवं लागल्यात की. आता इरजण देत न्हाईत."

तिनं तोंड खाली घातलं. वर्ष-दीड वर्ष मी जे मागत होते, ते माझ्या ओट्यावर माझ्या डोळ्यांसमोर झालं.

आणि तेवढ्यात माझी सवत आतनं आली. तिच्या मुठीत मिरचीची देठं होती, पानात बांधलेली. ती वन्संच्या ओंजळीत घातली. "इरजण देत न्हाईत, देठं देत्यात," ती म्हणाली. "पर मडकी सगळी फोडा, आनि नवी उकळून घ्या. मी हितं तसंच करते." मला असा संताप आला! मी चार दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तुला कशाला पुळका, तुला तिनं हाकललं, असं म्हणाले. ती म्हणाली, "आता तिला कोन हाय, आक्का?"

वन्संचं दही पुन्हा लागलं. ते आपल्या नवसानं लागलं, असं तिनं गावात सांगितलं. पण दुधाच्या चरव्या पदराखाली जायच्या त्या जातच राहिल्या, ती मरेपर्यंत. नवरा एकदा आला होता, म्हणाला, दोघी चला. मी आत जाऊन भाकरी थापायला बसले. सवतीनं त्याला ताक दिलं आणि मोटारीची वेळ सांगितली.

तेव्हापासून आम्ही दोघी एकत्र आहोत. त्या सरकारी माणसाच्या सांगण्यावरनं दोन विरजणं ठेवतो. एक माझं, देठांवरनं धरलेलं. दुसरं तिचं, तिनं आपल्या गुंजीकडच्या मावशीकडनं आणलेलं. एक दिवस माझं, एक दिवस तिचं.

इथवर लिहून झालं तेव्हा ती विचारत होती, "काय लिवताय आक्का इतके दिस? माझं नाव घातलंय काय त्यात?" मी म्हणाले, कुणाचंच नाव घातलेलं नाही. तिला वाचता येत नाही. मी काल दुपारी तिला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं वाचून दाखवलं. मडक्याचं आलं तेव्हा तेही वाचलं.

ती शेंगा सोलत होती. हात थांबले नाहीत. सगळं झाल्यावर म्हणाली, "मला ठावं हाय. त्यो सायेब मडक्यात मुरतंय म्हनाला न्हवं? मी भित्तीमागं हुते. त्याच दिशी कळलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी कवा सांगताय ते बघत हुते."

एवढंच. शेंगा सोलून झाल्या. म्हशी दोहल्या, दूध तापलं, निवलं. काल विरजणाचा वार तिचा होता. मी दुधाचं मडकं घेऊन तिच्याकडं गेले आणि म्हणाले, "दे गं तुझं इरजण." बाहेर तुळशीपाशी कंदील लावलेला होता, तिनंच मघाशी लावलेला. तिनं आपलं लोटकं जवळ ओढलं आणि त्यावर पदर घेतला.

"दिवं लागल्यात," ती म्हणाली.

आज सकाळी मी हात धुतले आणि पुन्हा मागायला गेले. दिवसा नाही म्हणता येत नाही, तिनं दिलं. चमचाभर. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती मला आक्का म्हणाली नाही.